एफ-वन दाबलं की काय होतं

नागसेनचा फोटो आला तेव्हा मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो. आदल्या दिवशी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घोषणा देऊन माझा आवाज पार बसला होता, त्यामुळे त्या फोटोबद्दल माझं जे मत झालं ते घरात कोणालाच सांगता आलं नाही. मत आतल्या आत राहिलं की आंबतं. पुढं जे घडलं त्यातला थोडाफार दोष त्या बसलेल्या आवाजाचा आहे, असं मी अजूनही मानतो.

माझ्या सासरच्या मंडळींचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यात एकोणतीस माणसं आहेत आणि त्या एकोणतीस जणांना नागसेनचं कौतुक करण्याशिवाय दुसरा उद्योग नाही. फोटोत नागसेन शाल पांघरून उभा होता. एप्रिल महिन्यात, अकोल्यात, शाल! हातात लॅमिनेशन केलेला रंगीत तक्ता, आणि शेजारी आमचे विभागीय व्यवस्थापक खुशालराव काळमेघ साहेब चक्क हसत होते. मी या साहेबांच्या हाताखाली बावीस वर्षं काढली. त्यांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

नागसेन वाकोडे हा माझा साडू. माझ्या बायकोच्या, म्हणजे मायाच्या, धाकट्या बहिणीचा, दीपमालाचा, नवरा. आम्ही दोघं एकाच बियाण्यांच्या कंपनीत आहोत. मी, श्रावण खंडारे, अमरावतीच्या गोदामाचा प्रमुख, आणि तो अकोल्याच्या. हुद्दा तोच, पण मी त्याच्या चार वर्षं आधी लागलेला. ही गोष्ट मी कधी बोलून दाखवत नाही. फक्त लोकांना ती आपोआप माहीत असावी, एवढीच इच्छा.

"नागसेनभाऊनं मशीनच्या बटनाइचा तक्ता केला म्हणते दीपमाला," माया म्हणाली. "पुऱ्या विभागात कोणाले सुचलं नाई म्हणते."

माझी बायको तुलना करत नाही. ती फक्त माहिती देते.

आता बटनांचा तक्ता ही काय शाल देण्यासारखी गोष्ट आहे का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं, मनातल्या मनात. आमच्या गोदामांत पोत्यांच्या नोंदी करायला हातात मावणारी मशीनं आहेत. जुन्या मोबाईलचा थोरला भाऊ शोभेल असा काळा डबा. वर लहानसा पडदा, त्याखाली एफ-वन ते एफ-फोर अशी चार बटनं, आणि खाली आकडे. पोती आली की आवकीचा पडदा, गेली की जावकीचा, महिनाअखेर मोजणीचा. कोणत्या पडद्यावर कोणतं बटन काय करेल, नोंद सेव्ह करेल की मागं नेईल की पुसून टाकेल, हे ठरवणं मशीन बसवणाऱ्यांनी ज्या त्या गोदामावर सोडलं होतं. अमरावतीत ते मी ठरवलं.

आणि विचार करून ठरवलं होतं. आवकीत सेव्ह एफ-वनवर ठेवलं, कारण पहिलं काम पहिल्या बटनावर. जावकीचा पडदा आला तेव्हा माझा अंगठा कपाटाच्या दारात चेंगरलेला होता आणि मला एफ-फोर सोयीचं पडायचं, म्हणून तिथं एफ-फोर. मोजणीच्या वेळेस तीन मशीनांच्या एफ-वनचं रबर निघालेलं होतं, म्हणून तिथं एफ-थ्री. प्रत्येक निर्णयामागं भक्कम कारण होतं. ती कारणं माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हती, एवढीच काय ती उणीव. मशीनवरच्या बाया चुकायच्या. मी त्यांना लक्ष द्यायला सांगायचो.

नागसेननं काय केलं? सगळ्या पडद्यांवर सेव्ह एफ-वनवर टाकलं. संपलं. याला काय अक्कल लागते? हे कोणालाही सुचलं असतं. मला सुचलं नव्हतं, हा मुद्दा वेगळा.

आठ दिवसांनी विभागीय कार्यालयाचं पत्र आलं. 'दोन्ही गोदामांतील हस्तयंत्रांवरील कळांची योजना एकसमान करण्यात यावी. याकामी अकोला गोदामाची योजना आदर्श मानून...' पुढचं मी वाचलं नाही. शाल एक वेळ सहन होते. 'आदर्श' सहन होत नाही. मी सरळ साहेबांना फोन लावला.

"साहेब, अमरावतीची पण एक योजना तयार होऊन राहिली."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले," मी म्हणालो. बरेच दिवस म्हणजे पत्राचं पाकीट फाडल्यापासून.

साहेबांनी जरा विचार केला. "मंग असं करू, खंडारे. पंधरा मेले अकोल्यात दोन्ही योजना समोरासमोर पाहू. ज्या योजनेत बाया कमी चुकतीन, थे दोन्हीकडं लागू."

झालं. माझ्याकडं योजना नव्हती आणि तीन आठवडे होते.

मी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याचं एक मशीन केलं, त्यावर शर्टाची चार बटनं चिकटवली आणि अंगणात खुर्ची टाकून बसलो. शेगाव नाक्याकडच्या आमच्या गल्लीत कोणी अंगणात पुठ्ठा घेऊन बसला की त्याला सल्ला द्यायला सरकारी परवानगी लागत नाही. पहिले आले नत्थुजी. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, अंगठा चारही बटनांवरून फिरवला आणि डोळे मिटले.

"श्रावणभाऊ, मी तिकिटाच्या मशीनवर आठ वर्सं काढली. गर्दीत, उभ्यानं, गाडी हलते, खाली पाहाले टाइम नाई. त्याच्यावरून सांगतो. जे बटन रोज लागते थे अंगठ्याखाली पाह्यजे. ज्यानं नुकसान होते थे दूर, कोपऱ्यात. बस, बाकी सारं झूट."

"म्हणजे सेव्ह कुठं?"

"एफ-वनवर. आपोआप हाती येते."

"एफ-वन सोडून बोला, नत्थुजी."

"काहून?"

"ते घेतलेलं आहे."

नत्थुजींनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी बसमध्ये बसून बसचाच पत्ता विचारतोय. पण माझी अडचण त्यांना कळणं शक्य नव्हतं. सेव्ह कुठंही चाललं असतं. एफ-वनवर गेलं की ती नागसेनची योजना झाली असती.

समोरच्या लीलाबाई पापड वाळत घालता घालता आल्या. मिक्सर उजवीकडं फिरवला की जोर वाढतो, म्हणून पुढं जायचं बटन उजवीकडं ठेवा, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्यांच्या टीव्हीच्या रिमोटवर मधलं बटन दाबलं की सगळं होतं. त्यांच्या सुनेनं वॉशिंग मशीनचा दाखला दिला. मायानं कपड्यांची घडी घालत एवढंच विचारलं, "नागसेनभाऊनं कसं केलं, थे विचारून पाहा ना. घरचाच माणूस हाय."

मी पुठ्ठा उचलून आत गेलो.

अखेर योजना ठरली. सेव्ह सगळीकडं एफ-टूवर. का? कारण ते एफ-वन नव्हतं. अर्थात कागदावर मी 'अंगठ्याच्या नैसर्गिक विश्रांतिस्थानाचा विचार करून' असं लिहिलं. लिहिल्यावर ते मलाही पटलं.

पण ते पत्र आल्यापासून मशीनमधली बटनं बदलायची म्हणजे 'बदल विनंती अर्ज' भरावा लागतो, दोन प्रतींत. त्यात सातव्या रकान्यात लिहिलंय: 'दुसऱ्या गोदामाच्या प्रमुखाची सहमती.' विदर्भात आमची गोदामं दोनच. म्हणजे नागसेनच्या विरुद्ध लढायला मला नागसेनची सही लागणार होती. मी विभागीय कार्यालयाला विचारलं की या रकान्याला पर्याय आहे का. तिकडच्या बाईंनी सांगितलं, आहे, मुख्य कार्यालयाचा ठराव. पुढची बैठक ऑगस्टात.

मी अर्ज अकोल्याला पाठवला. वाटलं होतं, दाबून ठेवेल. दाबून ठेवला असता तर मला किती बरं वाटलं असतं! त्याच दिवशी सही होऊन परत आला. कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दादा, पुष्टीमध्ये पोटफोड्या ष. बाकी झकास. ऑल द बेस्ट.'

मी ती पेन्सिल खोडरबरानं पुसली. 'ष' मात्र दुरुस्त करावा लागला.

गोदामात नऊ मशीनं. सहा मी दुपारपर्यंत बदलली. तीन चार्जिंगला होती, ती संध्याकाळी करू म्हणून राहिली आणि संध्याकाळी विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तानुबाईंनी मशीन हातात घेतलं. तानुबाई इंगळे आमच्याकडं पंधरा वर्षांपासून आहेत आणि मशीनवर तीन. त्यांना अक्षर लागत नाही, आकडे लागतात. त्यांनी बटनांवर कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या होत्या: आवकीचं सेव्ह लाल, जावकीचं हिरवं, मोजणीचं पिवळं. माझ्या तीन भक्कम कारणांना गोदामात जर कोणी समजून घेतलं असेल तर ते या टिकल्यांनी. आणि मी त्या 'अनधिकृत खुणा' म्हणून आदल्या दिवशी नखानं खरवडून काढल्या होत्या.

"साहेब, माह्या टिकल्या कोणं काढल्या?"

"आता गरज नाही, तानुबाई. सगळीकडं एफ-टू."

"थे तुमच्या डोक्यात एफ-टू झालं जी. माह्या बोटाले कोण सांगीन?"

बोटाला कोणीच सांगितलं नाही. त्यातून सहा मशीनं नवी अन् तीन जुनी, आणि हाताला येईल ते मशीन उचलायची बायांची रीत. अकरा वाजेपर्यंत नव्वद पोती गोदामात येऊनही आलेली नव्हती आणि दोनशे पोती दोनदा गेली होती. परतवाड्याचा ट्रक फाटकावर भरून उभा, पण मशीनच्या मते तो रिकामा. ड्रायव्हर म्हणे, येऊन डोळ्यानं पाहा. मी म्हणे, डोळ्यानं पाहून गेटपास निघत नाही. अडीच तास तो माणूस बेचाळीस डिग्रीत गमछा ओला करकरून डोक्यावर घेत होता, आणि तानुबाई त्याला पाणी नेऊन देताना मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत होत्या, "काय करता भाऊ, सायेबाले हौस आली."

तीन दिवसांत गाडी रुळावर आली, पण अकोला काही डोक्यातून जाईना. अकोल्यात काय चाललंय? आठ दिवस आधी जाऊन पाहिलंच पाहिजे, असं मी ठरवलं. निमित्त आयतं मिळालं. मायानं कैरीचं लोणचं घातलं होतं आणि बहिणीला एक बरणी पाठवायची होती. ती बरणी मांडीवर घेऊन मी बडनेऱ्याहून गाडीत बसलो. हेरगिरीला निघालेल्या माणसाच्या पँटवर लोणच्याच्या तेलाचा डाग पडावा, याला नशीब म्हणतात.

नागसेन फाटकापर्यंत घ्यायला आला. "या दादा, या! ताई बरी हाय ना?" त्यानं लिंबाचं सरबत मागवलं, पंखा माझ्याकडं फिरवला आणि सगळं गोदाम दाखवलं. काही लपवत नव्हता. ज्याच्याकडं लपवण्यासारखं काही नाही अशा माणसाचा फार त्रास होतो.

भिंतीवर तो तक्ता. त्याखाली जाईबाई नावाच्या पन्नाशीच्या बाई पोती मोजत होत्या. नजर पोत्यांवर, तोंड शेजारणीशी लग्नाच्या गोष्टी करण्यात, आणि अंगठा आपला आपण चाललेला. टक, टक, टक. एकदाही त्यांनी खाली पाहिलं नाही. माझ्या बाया मशीनकडं असं पाहतात की जणू त्यातून विंचू निघणार आहे.

"जाईबाईचे गुडघे गेले, दादा," नागसेन हळूच म्हणाला. "निवडणीत दिवसभर उकिडवं बसनं होत नव्हतं. काम सोडून जाऊन राहिल्या होत्या. म्हटलं मशीन शिकून पाहा. आता पाहा!"

मी पाहिलं. नागसेनला फोन आला आणि तो बाहेर गेला, तेव्हा मी टेबलावरचं एक मशीन उचललं, सहज. आवक: एफ-वन सेव्ह. जावक: एफ-वन सेव्ह. मोजणी: तेच. मग एक चौथा पडदा दिसला, ओलावा. हंगामाच्या तोंडावर प्रत्येक ढिगातल्या बियाण्याचा ओलावा नोंदवायला तो या वर्षी नवीन दिला होता. तो अजून कोणी वापरलेला नव्हता. आमच्याकडं तर तो अजून चालूही केला नव्हता. मी तळाची ओळ वाचली.

एफ-फोर: सेव्ह. एफ-वन: साफ.

पुन्हा वाचली. साफ म्हणजे सगळंच साफ, आणि एकदाही न विचारता. तो पडदा बाहेरून जसा आला तसाच राहिला होता. नागसेनच्या नजरेतून सुटला होता! नागसेनच्या!

मी मशीन झोपलेल्या लेकराला ठेवावं तसं अलगद खाली ठेवलं. नागसेन आत आला. "काय दादा, सापडली का एखादी चूक?" तो हसत म्हणाला.

"छे," मी म्हणालो. "झकास आहे."

परतीच्या गाडीत मी शेंगदाणे खाल्ले आणि मूर्तिजापूर येईपर्यंत गुणगुणत होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, पोरगी पाहून आले का?

पंधरा मेला मी तानुबाईंना घेऊन अकोल्याला गेलो. माझ्या बाजूनं त्या, नागसेनच्या बाजूनं जाईबाई. खुशालराव साहेब खुर्चीवर, कूलरसमोर. तानुबाईंनी आठवडाभर एफ-टूचा सराव केला होता, मनाविरुद्ध. पहिल्या फेरीत आवक: त्यांच्या चार चुका, जाईबाईंची शून्य. जावक: तीन आणि शून्य. मोजणी: पाच आणि शून्य. साहेब प्रत्येक वेळी कागदावर आकडा लिहीत आणि माझ्याकडं पाहत. मला घाम येत होता, पण मी शांत होतो. ओलावा बाकी होता.

"साहेब, ओलावा खराखुराच घेऊ," नागसेन उत्साहानं म्हणाला. "जाईबाई सकाळपासून थेच करून राहिल्या. चौऱ्याहत्तर ढीग भरले. या पडद्यावर सारं भरून शेवटी एकदाच सेव्ह करा लागते. तुमच्यासमोर करतो."

जाईबाईंनी मशीन साहेबांपुढं धरलं. एकाखाली एक चौऱ्याहत्तर आकडे. तीन तास पोत्यापोत्यात नळी खुपसून नमुना काढायचा, ओलावा मोजायच्या यंत्रात टाकायचा, आकडा भरायचा. साहेब मान डोलावून म्हणाले, "वा. करा सेव्ह."

आता खरं सांगतो. त्यांचा अंगठा एफ-वनकडं निघाला तेव्हा माझ्या तोंडात 'थांबा' हा शब्द आला होता. दातांच्या मागं उभा होता. मी तोंड उघडलं नाही.

टक.

पडदा कोरा झाला.

मला वाटलं होतं, फार आनंद होईल. कित्येक रात्री मी हा क्षण मनात पाहिला होता. त्यात नागसेन डोक्याला हात लावून बसायचा आणि साहेब माझ्याकडं वळायचे. पण प्रत्यक्षात साहेब जाईबाईंकडं वळले.

"बाई, काय केलं हे? चौऱ्याहत्तर ढीग गेले! पाहून दाबता येत नाई का?"

"मी एफ-वनच दाबलं जी," जाईबाई म्हणाल्या. मशीन उलटं करून, सुलटं करून त्या पाहत होत्या, जणू आकडे मागच्या बाजूनं गळाले असतील. "एफ-वनच दाबलं."

"उद्यापासून याइले निवडणीवर पाठवा. मशीन दुसऱ्याले द्या."

जाईबाईंनी एक हात नकळत गुडघ्यावर ठेवला. तानुबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, तरी माझ्याकडंच पाहिलं.

"साहेब," मी म्हणालो, "त्यांनी बरोबर दाबलं. पडदा चुकीचा आहे. या पडद्यावर एफ-वन म्हणजे साफ. मला माहीत होतं."

नागसेननं जाईबाईंच्या हातातलं मशीन घेऊन तळाची ओळ वाचली.

"कधीपासून, दादा?" नागसेननं विचारलं.

"लोणचं द्यायला आलो होतो तेव्हापासून."

"आठ दिवस?"

"आठ दिवस."

शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. मोजूनमापून घेतल्या असत्या. नागसेन साहेबांकडं वळून म्हणाला, "साहेब, दादाइले काही म्हणू नका. गोदाम माहं, पडदा माहा. तपासाले मी पाह्यजे होतो. अन् जाईबाईची तं काईच चूक नाई."

साहेब उठून उभे राहिले. "याले म्हणते मोठं मन! पाहा खंडारे, शिका काही."

म्हणजे बघा. अख्ख्या आयुष्यात एकदा मी हिंमत करून खरं बोललो आणि कौतुक त्याचं झालं. आजवर मला नागसेनच्या तक्त्याचा हेवा वाटत होता. आता त्याच्या मनाचाही वाटू लागला. तक्त्याला निदान लॅमिनेशन होतं, ते नखानं ओरबाडून तरी काढता आलं असतं.

निवडणीचा हुकूम रद्द झाला. पण चौऱ्याहत्तर ढीग परत मोजणं भाग होतं, आणि साहेबांनी ते काम आम्हा दोघा प्रमुखांना दिलं. नागसेन पोत्यात नळी खुपसायचा, मी आकडे भरायचो. पत्रे तापलेले, डोक्यावरून घाम, दोघांत एक शब्द नाही. एकतिसाव्या ढिगाला चहा आला. चहाला उठायच्या आधी आतापर्यंतचं सेव्ह करून ठेवावं असा मी शहाणपणाचा विचार केला, अंगठा सवयीनं नैसर्गिक विश्रांतिस्थानी गेला आणि मी एफ-टू दाबलं.

त्या पडद्यावर एफ-टू म्हणजे सेव्ह न करता मागं.

"काय झालं, दादा?" नागसेननं नळी हातात धरून विचारलं.

मी सांगितलं. तो पोत्यावर बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. मला हसू येणं शक्य नव्हतं, पण आलं. आधी चौऱ्याहत्तर नोंदी मेल्या, आता एकतीस, आणि दोघंही प्रमुख पोत्यांवर बसून हसतायत, हे पाहून तानुबाई आणि जाईबाई पुढं आल्या.

"द्या इकडं," तानुबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातून मशीन काढून घेतलं. "तुमच्या दोघाइच्यानं नाई व्हत."

त्या दोघी सोयाबीनच्या पोत्यावर बसल्या. अर्ध्या दिवसाची ओळख, पण लहानपणापासूनची असल्यासारख्या.

"तुमचं एफ-वन चांगलं हाय बाई," तानुबाई म्हणाल्या. "अंगठा आपसूक जाते. आमच्या साहेबाचं एफ-टू म्हंजे बळजबरी."

"पण या ओलाव्यातबी थेच पाह्यजे. एक घर धा दरवाजे नाई चालत."

"अन् पुसाचं? थे पार तिकडं कोपऱ्यात टाका."

"अन् दोनदा विचारलं पाह्यजे. पुसू का? खरंच पुसू का?"

"हो ना. नवरा बी दारू सोडतो म्हणते तं आपण दोनदा विचारतो."

दहा मिनिटं लागली. नत्थुजींनी जे अंगणात फुकट सांगितलं होतं, जवळजवळ तेच. साहेबांनी ते शब्द न शब्द लिहून घेतलं, आणि पुढच्या पत्रात 'तज्ज्ञ वापरकर्त्यांच्या शिफारशीनुसार' असं छापून आलं. मागं जायचं बटन एफ-टूवर असावं ही सूचना माझी. तिला कोणी विरोध केला नाही. कोणी ऐकली की नाही, तेही माहीत नाही, पण ते एफ-टूवर आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी योजना शिकवायचं काम निघालं: आधी अकोला, मग तेल्हाऱ्याचं खरेदी केंद्र. मलाही त्या दिवशी कागदपत्रं घेऊन अकोल्याला जायचं होतं. बसस्टँडकडं निघालो तोच गोदामाच्या फाटकावर पांढरी एसी गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर उतरला. मी कॉलर नीट केली. बावीस वर्षांत कंपनीनं मला कधी सायकलही धाडली नव्हती; पण उशिरा का होईना.

"तानुबाई इंगळे कोन?" ड्रायव्हरनं विचारलं.

शिकवायला निघालेल्या तानुबाई नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन आल्या. मला पाहून थांबल्या. "साहेब, तुमी बी अकोल्यालेच चालले ना? मंग बसा की. जागा हाय."

स्वाभिमान म्हणाला, बसनं जा. ऊन म्हणालं, बस. मी बसलो, मागं. तानुबाईंना गाडी लागते म्हणून पुढची सीट त्यांची, आणि त्यांची भाकरीची पिशवी माझ्या मांडीवर. वाटेत चहाला कुठं थांबायचं हे ड्रायव्हरनं त्यांना विचारलं. त्यांनी एका टपरीवर थांबवलं आणि माझ्यासाठी बिनसाखरेचा सांगितला, हे मात्र मला आवडलं.

अकोल्याच्या गोदामाशी पोचलो तेव्हा नागसेन नुकताच स्कूटरवरून उतरत होता. डोक्याला ओला दुपट्टा, चेहरा लाल, शर्ट पाठीला चिकटलेला. काळ्या काचांच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि त्यातून मी उतरलो. गार हवेचा एक झोत माझ्याबरोबर बाहेर आला.

"दादा?" त्यानं गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, परत गाडीकडं. "गाडी? अमरावतीवाल्याइले गाडी धाडून राहिले?"

तो आवाज, ती नजर. माझ्या साडूच्या तोंडावर ती मी पहिल्यांदाच पाहत होतो, पण ओळखायला क्षणही लागला नाही. आरशात रोज भेटते.

पुढच्या सीटवर तानुबाई सीटबेल्टशी झटत होत्या. "साहेब, हे कसं सुटते जी? कुठलं बटन दाबू?" त्या आतून विचारत होत्या. लाल बटन होतं, त्यांच्या उजव्या हाताशीच; मला दिसत होतं.

मी शर्टाच्या बाह्या नीट केल्या, आकाशाकडं पाहिलं, पाऊस येईल का याचा अंदाज घेतला. मग, फार नाही, एक मिनिटभरानं म्हणालो, "थांबा, दाखवतो."